संत्र्याचा हिशेब आणि फळ्यावरील गणित

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एके दिवशी सकाळी आम्ही कळमन्याच्या बाजारास गेलो होतो. आंबिया बहाराची संत्री यावयास लागली होती. काटोल, नरखेड, कळमेश्वर या बाजूंच्या गाड्या रात्रीच येऊन उभ्या राहतात आणि दिवस वर येतो न येतो तोच फळांचे ढीग पडून लिलावाची आरोळी सुरू होते. त्या गर्दीत नवख्या माणसाने उभे राहिल्यास हमालाचा धक्का खाण्यावाचून दुसरे काही पदरात पडत नाही. म्हणून आवाराबाहेर, जेथे किरकोळ विक्रीच्या हातगाड्या लागतात, तेथे येऊन आम्ही थांबलो. इतक्यात एका गाडीमागून “नमस्ते, सर” असे शब्द कानी आले. पाहतो तो आमच्या आठवीच्या वर्गातील एक विद्यार्थी आईशेजारी उभा राहून तराजू सांभाळीत आहे!

आम्ही दोन शब्द बोलतो आहोत तोच एक गिऱ्हाईक आले. त्याने पावणेदोन किलो संत्री व दीड किलो मोसंबी मागितली. संत्री साठ रुपये किलो व मोसंबी पन्नास रुपये किलो असा त्या दिवशीचा भाव होता. गिऱ्हाइकाने पाचशेची नोट पुढे केली. ती हातात पडताच मुलाने तीनशे वीस रुपये मोजून परत दिले. त्याच्यापाशी ना कागद होता, ना गणकयंत्र. बोटेसुद्धा त्याने मोडली नाहीत. “हे कसे केलेस, बाळ?” असे आम्ही विचारले. तो म्हणाला, “दोन किलोचे एकशेवीस, सर. त्यातून पावाचे पंधरा काढले, एकशेपाच राहिले. मोसंबीचे पंचाहत्तर. झाले एकशेऐंशी. वीस दिले की दोनशे, मंग शंभराच्या तीन नोटा.”

हे ऐकून आम्हास समाधान वाटावयास पाहिजे होते. परंतु वाटला तो संकोच. त्याचे कारण असे की, सुट्टीपूर्वी झालेल्या सहामाही परीक्षेत आम्हीच १.७५ × ६० हा गुणाकार घातला होता आणि याच मुलाने त्याचे उत्तर १०५० असे लिहिले होते. पेपर परत देताना आम्ही साऱ्या वर्गादेखत त्यास विचारले होते, “अरे, डोके घरी ठेवून येतोस काय?” वर्ग हसला होता. तो खाली मान घालून बसला होता. आता त्यास आम्ही म्हणालो, “परीक्षेत हेच तर विचारले होते.” त्याने आमच्याकडे जरा आश्चर्यानेच पाहिले आणि उत्तर दिले, “नाही सर, ते गणित होतं. हा त हिशेब आहे.”

त्याच्या आईने मधेच विचारले, “सर, याले गणित येते का?” आम्ही काहीतरी पुटपुटलो, एक किलो संत्री घेतली आणि घरची वाट धरली.

पावणेदोन किलोंस साठाचा भाव आणि १.७५ × ६० या दोन गोष्टी आम्हास एकच वाटतात. त्या मुलास त्या दोन वाटतात. याचा अर्थ काय? एकाच मस्तकात एकच ज्ञान एका दाराने बाहेर पडते आणि दुसऱ्या दाराशी अडून राहते, हे संभवते तरी कसे? या प्रश्नाचा विचार ज्यांनी प्रयोगांच्या आधारे प्रथम केला, त्यांत अमेरिकेतील एडवर्ड ली थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाचे नाव अग्रभागी आहे. अध्यापकविद्यालयात शिकलेल्या प्रत्येक शिक्षकाने त्यांचे ‘सरावाचा नियम’ आणि ‘परिणामाचा नियम’ परीक्षेपुरते पाठ केलेले असतात. आम्हीही केले होते. त्या नियमांमागे कोणते प्राणी होते, कोणती मुले होती, आणि पुढे त्यांच्या कर्त्यानेच त्यांत काय फिरविले, हे मात्र आम्ही कधी पाहिले नव्हते. कळमन्याहून परतल्यावर ते पाहण्याची बुद्धी झाली.

थॉर्नडाइक यांचा जन्म १८७४ साली मॅसॅच्युसेट्स प्रांतात एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. हार्वर्ड येथे विल्यम जेम्स यांच्या हाताखाली शिकत असता त्यांनी प्रथम लहान मुलांवर प्रयोग आरंभिले. प्रयोग करणाऱ्याच्या मनातील गोष्ट मुले त्याच्या चेहऱ्यावरून ओळखतात किंवा काय, हे त्यांस पाहावयाचे होते. तो उद्योग पुढे चालू ठेवण्यास अधिकाऱ्यांची अनुमती मिळेना. तेव्हा मुले नाहीत तर कोंबडीची पिले, असे म्हणून त्यांनी पिले पाळली आणि पुस्तके उभी करून त्यांच्या भिंतींचा एक चक्रव्यूह रचला. पिलू आत सोडावयाचे, आणि बाहेर अन्न व सोबती आहेत तेथवर ते किती वेळात पोहोचते हे पाहावयाचे. खोलीची मालकीण हा पक्षिसंसार फार दिवस सोशीना. विद्यापीठातही जागा मिळेना. शेवटी जेम्स यांनी आपल्या घराच्या तळघरात त्या पिलांस थारा दिला, आणि त्यांच्या मुलांस त्याची मोठी मौज वाटली म्हणतात. जगातील एका थोर तत्त्वज्ञाच्या तळघरात कोंबड्या नांदत होत्या, हे वाचून आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतील अडगळीविषयी आमचे मन पुष्कळच हलके झाले.

तेथून थॉर्नडाइक न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. जाताना आपली दोन ‘सुशिक्षित’ पिले त्यांनी टोपलीतून बरोबर नेली. तेथे मांजरांवर केलेल्या प्रयोगांचा प्रबंध त्यांनी १८९८ साली सादर केला. लाकडी फळ्यांची एक पेटी असे. तिचे दार आतून दोरीचा फास ओढला, खटका दाबला किंवा अडसर फिरविला म्हणजे उघडे. भुकेले मांजर आत कोंडावयाचे, बाहेर मासळीचा तुकडा ठेवावयाचा आणि घड्याळ लावून बसावयाचे, एवढाच प्रयोग.

त्या काळी प्राण्यांच्या हुशारीच्या गोष्टी फार प्रचलित होत्या. अमक्याच्या कुत्र्याने कडी उघडली, तमक्याच्या मांजराने दाराची मूठ फिरविली, आणि ऐकणारा म्हणे की त्याने विचार करून युक्ती काढली. आपल्याकडेही अशा गोष्टींस तोटा नाही. गोठ्याची कडी शिंगाने उचलणाऱ्या बैलाची कीर्ती पंचक्रोशीत पसरते, पण जे शंभर बैल कडीपाशी नुसते उभे राहतात त्यांची वार्ता कोणी सांगत नाही. थॉर्नडाइक यांनी मांडलेला आक्षेप नेमका हाच होता. म्हणून ऐकीव गोष्ट बाजूस ठेवून त्यांनी सेकंद मोजले.

एका मांजराचे आकडे आमच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम पाहण्यासारखे आहेत. पहिल्या खेपेस त्यास बाहेर पडावयास १६० सेकंद लागले. दुसऱ्या खेपेस ३०. येथे कोणीही शिक्षक म्हणेल की, त्यास उमगले! पण तिसऱ्या खेपेस पुन्हा ९०, चौथ्या खेपेस ६०, पाचव्या खेपेस १५ आणि सहाव्या खेपेस २८. असे मागेपुढे होत होत चोविसाव्या खेपेस ते ७ सेकंदांवर आले. एकदम प्रकाश पडून पुढे सर्व सुरळीत झाले, असे त्या आकड्यांत कोठेही दिसत नाही. ओरबाडणे, चावणे, फटींतून पंजा घालणे या निष्फळ चेष्टा हळूहळू गळत गेल्या, आणि जिने दार उघडले ती एक चेष्टा शिल्लक राहिली. या रीतीस प्रयत्न-प्रमादाची रीत म्हणतात. ज्या कृतीचा परिणाम सुखद होतो ती त्या परिस्थितीशी अधिकाधिक घट्ट बांधली जाते, हा परिणामाचा नियम याच पेट्यांतून निघाला.

या आकड्यांत आम्हास आमचा वर्ग दिसला. काल बरोबर उत्तर देणारा मुलगा आज चुकतो, तेव्हा आम्ही त्यास ‘बेपर्वा’ म्हणतो. तिसाच्या पाठोपाठ नव्वद सेकंद लागणे हा शिकण्याचाच एक भाग असेल, अशी शंकाही आमच्या मनास शिवत नाही.

याच प्रबंधातील आणखी एक भाग आम्हास विशेष वाटला. एक मांजर दुसऱ्यास पाहून शिकते काय, हे त्यांनी तपासले. शिकताना दिसले नाही. मग मांजराचा पंजा हाती धरून तो खटक्यावर ठेवून दार उघडून दाखविले, तरीही त्याचा उपयोग झाला नाही. मांजराने ती कृती स्वतः केल्यावाचून ती त्याची होईना. आपल्याकडे मुलाचा हात धरून अक्षर गिरवून घेण्याची चाल आहे. तिच्यावर या प्रयोगाने लगेच निकाल द्यावा असे आम्ही म्हणत नाही, कारण मूल म्हणजे मांजर नव्हे. परंतु गिरविलेले अक्षर आणि स्वतः काढलेले अक्षर यांत जे अंतर प्रत्येक पंतोजी जाणतो, त्याचे मूळ कोठे असावे, याची चाहूल येथे लागते.

थॉर्नडाइक यांचे सर्वच म्हणणे टिकले, असे मात्र नाही. मांजरेही एकमेकांस पाहून शिकू शकतात, हे १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी दाखविले. त्यांच्या हयातीतच वोल्फगांग क्योलर यांनी टेनेरिफ बेटावर चिंपांझी वानरांस पेट्या एकावर एक रचून वर टांगलेली केळी काढताना पाहिले होते, आणि कोडे पेटीत कोंडूनच घालावयाचे असेल तर त्या बिचाऱ्या मांजरास विचार करावयास वाव कोठे, असा सवाल केला होता. तो सवाल रास्त होता. प्रयोग करणाराही कसा फसतो याचे एक गमतीचे उदाहरण सांगितल्यावाचून राहवत नाही. १९४६ साली गथ्री आणि हॉर्टन या दोघांनी पेटीत एक खांब उभा केला. त्यास अंग लागले की दार उघडे. प्रत्येक मांजर त्या खांबास पुन्हा पुन्हा त्याच रीतीने अंग घासते, हे पाहून त्यांनी शिकण्याविषयी एक सिद्धान्त बांधला. पुढे १९७९ साली मूर आणि स्टटर्ड यांनी दाखवून दिले की, मांजरास समोर माणूस दिसला म्हणजे ते स्वभावतःच जवळच्या वस्तूस अंग घासते. तो त्याचा नमस्कार होय! माणसे दृष्टीआड होताच घासणेही थांबले. पाहुणा आपला नमस्कार घेऊन गेला आणि घरी जाऊन त्यावर ग्रंथ लिहून बसला, असाच हा प्रकार झाला.

असो. १८९९ पासून थॉर्नडाइक कोलंबियाच्या अध्यापक महाविद्यालयात शिकवू लागले आणि १९४० पर्यंत तेथेच होते. मांजरे मागे पडली व मुले पुढे आली. ज्या मुलांपासून त्यांस प्रारंभी दूर व्हावे लागले होते, त्यांच्याकडेच ते अखेर परत आले. शब्दसंग्रह, शुद्धलेखन, अंकगणित यांवर त्यांनी विपुल लिहिले. त्यांतील दोन गोष्टींशी आम्हास कर्तव्य आहे.

पहिली गोष्ट शिक्षेची. प्रथम त्यांचे मत असे होते की, सुखद परिणामाने बंध जुळतो आणि दुःखद परिणामाने तितकाच तुटतो. म्हणजे शाबासकी आणि छडी ही तराजूची दोन सारखी पारडी होत. पुढे त्यांनी हे मत स्वतःच तपासावयास घेतले. मोठ्या माणसांसमोर एकेक अपरिचित स्पॅनिश शब्द ठेवावयाचा व पाच अर्थांतून एक निवडावयास सांगावयाचे. निवड बरोबर असेल तर ‘बरोबर’ म्हणावयाचे, नसेल तर ‘चूक’. ज्या निवडीस ‘बरोबर’ मिळाले ती पुढील वेळी पुष्कळ अधिक वेळा केली गेली. परंतु ज्या निवडीस ‘चूक’ मिळाले, ती त्या मानाने कमी झालीच नाही. दुसऱ्या प्रयोगात डोळे मिटून ठराविक लांबीची रेघ काढावयास सांगितले. रेघ किती चुकली हे कोणी सांगितले नाही, तेव्हा कितीही वेळा काढूनही हात सुधारला नाही. म्हणजे नुसत्या सरावानेही काही साधत नाही. हे पाहून १९२९ साली येल येथे भरलेल्या मानसशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत उभे राहून त्यांनी आपण चुकलो होतो असे सांगितले. सरावाच्या नियमातला व परिणामाच्या नियमातला अर्धा अर्धा भाग त्यांनी स्वहस्ते काढून टाकला. आमच्या टिपणवह्यांत मात्र ते नियम अद्यापि पूर्ववत् नांदत आहेत.

थॉर्नडाइक यांचे हे दुसरे मतही पुढे जसेच्या तसे राहिले नाही. कडक शिक्षेने एखादी कृती दबते, हे नंतरच्या संशोधकांनी दाखविले आहे. पण दबणे म्हणजे शिकणे नव्हे. ‘चूक’ या शब्दात बरोबर काय हे कोठेच सांगितलेले नसते. आपल्या देशात २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याने मुलास शारीरिक शिक्षा देण्यास आणि मानसिक त्रास देण्यास मनाई केली, तेव्हा छडी कपाटात गेली. परंतु “डोके घरी ठेवून येतोस काय?” या वाक्यास कपाट कोठले? त्या वाक्याने १.७५ मधील दशांशचिन्ह तसूभरही हलले नाही. हलला तो तो मुलगा. त्यानंतर दोन आठवडे त्याने वर्गात हात वर केला नव्हता, हे आम्हास कळमन्याहून परतताना आठवले.

दुसरी गोष्ट आमच्या मूळ प्रश्नाची. एका ठिकाणी शिकलेले दुसऱ्या ठिकाणी लागू पडते काय? जुन्या शिक्षणशास्त्राचे उत्तर ‘पडते’ असे होते. बुद्धी म्हणजे जणू दंड. एका आखाड्यात जोर काढून तो बळकट केला की कोठलेही ओझे उचलील. युरोपात लॅटिन व भूमिती, आपल्याकडे संस्कृत व भूमिती ही या आखाड्यातील मुद्गले मानली गेली. १९०१ साली थॉर्नडाइक आणि रॉबर्ट वुडवर्थ यांनी ही समजूत तपासली. काही माणसांस कागदी आयतांची क्षेत्रफळे अदमासाने सांगण्याचा भरपूर सराव दिला. त्या आकाराच्या आयतांत ती तरबेज झाली. पण आयत मोठे केले, अथवा त्यांचा घाट बदलला, की ते कौशल्य बरेचसे मावळले. पुढे १९२४ साली त्यांनी ८,५६४ विद्यार्थ्यांच्या वर्षारंभीच्या व वर्षाअखेरच्या परीक्षा ताडून पाहिल्या. लॅटिन किंवा भूमिती घेतलेल्यांची विचारशक्ती इतर विषय घेतलेल्यांहून विशेष वाढली, असे आढळले नाही. या विषयांची गोडी आणि योग्यता वेगळी. संस्कृत शिकावे ते संस्कृतासाठी. त्यामुळे बीजगणित आपोआप येईल, ही आशा मात्र व्यर्थ होय.

यावरून थॉर्नडाइक यांनी असे प्रतिपादिले की, दोन प्रसंगांत जे घटक समान असतील तेवढ्यांपुरतेच ज्ञान एकातून दुसऱ्यात जाते. समान घटक आहेत हे शिक्षकास दिसून उपयोग नाही, शिकणाऱ्यास ते दिसले पाहिजेत. आता संत्र्यांच्या गाडीकडे पुन्हा पाहा. तेथे तराजू आहे, गिऱ्हाईक आहे, नोट आहे, आणि ‘पावणेदोन’ हा शब्द आहे, ज्याच्या पोटातच ‘दोनांस पाव कमी’ ही युक्ती दडलेली आहे. फळ्यावर यांपैकी एकही नाही. तेथे १.७५ आहे, एक टिंब आहे आणि फुलीची खूण आहे. पावणेदोन आणि १.७५ ही एकाच संख्येची दोन नावे होत, हे त्या मुलास कोणी सांगितले होते? आम्ही तर नव्हते सांगितले.

हा प्रकार त्या एका मुलाचा नव्हे. १९८५ साली ब्राझीलमधील रेसिफे शहरात नारळ व फळे विकणाऱ्या मुलांस तीन संशोधकांनी गाडीपाशीच हिशेब विचारले. शंभरांत अठ्ठ्याण्णव उत्तरे बरोबर आली. मागाहून त्याच आकड्यांची उदाहरणे गोष्टीच्या रूपाने घातली तेव्हा चौऱ्याहत्तर बरोबर आली, आणि नुसते आकडे मांडून दिले तेव्हा सदतीस. ती मुले थोडी होती, म्हणून कोणी शंका घेईल. परंतु २०२५ साली कोलकाता आणि दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या १,४३६ मुलांवरील अभ्यास ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तो अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, बाल्यावस्थेतील ज्ञानाचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ स्पेल्की, आणि त्यांचे सहकारी यांनी केला आहे. जवळजवळ सर्वच मुले बाजारातील गुंतागुंतीचा हिशेब तोंडी बिनचूक करीत होती. तोच, किंबहुना त्याहून सोपा हिशेब शाळेच्या रीतीने कागदावर दिला की ती अडत होती. ती भावांचे पाढे पाठ करून आली असतील, कोणी मागून सांगत असेल, परीक्षेची धास्ती असेल, अशा सर्व शंका संशोधकांनी एकेक करून तपासल्या. त्यांतील एकीनेही या अंतराचा उलगडा झाला नाही.

या अभ्यासाचा दुसरा अर्ध आमच्या वर्गातील पहिल्या बाकावरच्या मंडळींनी लक्षपूर्वक वाचावा. जवळच्याच शाळांतील, बाजारात कधी न बसलेल्या ४७१ मुलांसही तेच प्रश्न घातले. कागदावरील सोपी उदाहरणे त्यांनी अधिक बिनचूक सोडविली. पण बाजारातील ज्या एका हिशेबाचे उत्तर काम करणाऱ्या मुलांपैकी एकतृतीयांशाहून अधिक मुलांनी बरोबर दिले, ते शाळेतील मुलांपैकी शेकडा एकासच साधले. म्हणजे दार दोन्ही बाजूंनी बंद आहे. आम्ही मात्र एका बाजूच्या मुलांस ‘हुशार’ व दुसऱ्या बाजूच्या मुलांस ‘मठ्ठ’ म्हणून मोकळे होतो. मुलांनी शाळा सोडून बाजारात बसावे, असे यावरून कोणी समजू नये. बाजाराचा हिशेब बाजारापुरताच पुरतो. व्याजाच्या कागदावर आणि बँकेच्या अर्जावर तो एकटा पुरा पडत नाही, हेही त्याच अभ्यासातून निघते.

येथे आपल्या जुन्या पंतोजींची आठवण होते. त्यांच्या शाळेत पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी घोकून घेत. या अपूर्णांकांच्या पाढ्यांची आम्ही मनसोक्त थट्टा केली आहे, आणि घोकंपट्टीचा भाग पाहता ती गैर नव्हती. पण ते पाढे बाजारातून शाळेत आले होते आणि शाळेतून बाजारात जात होते. ‘पाऊण’ हा शब्द दोन्हीकडे एकच होता. दशमान पद्धती आली हे फार चांगले झाले. परंतु तिच्या मागोमाग पाऊणकी वर्गातून गेली तेव्हा, त्या दोन ठिकाणांस जोडणारा एक साकव आपण काढून टाकतो आहोत, हे कोणाच्या ध्यानी आले नसावे.

महाराष्ट्रात असा साकव पुन्हा घालण्याचे काम ज्यांनी केले त्यांत ताराबाई मोडक यांस अग्रस्थान द्यावे लागेल. त्यांनी १९४५ साली बोर्डी येथे खेड्यातील मुलांसाठी काम आरंभिले. अनुताई वाघ त्यांस तेथेच येऊन मिळाल्या. पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारल्यांची मुले गुरे राखावयास जातात म्हणून शाळेत येत नाहीत, असे आढळले तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली. तिला ‘कुरणशाळा’ म्हणत. पाने, बिया, शंख, खडे हीच त्या मुलांची गणिताची सामग्री. बालशिक्षणाचा हा विचार ताराबाईंनी माँटेसोरी व गिजुभाई बधेका यांच्यापासून घेतला, थॉर्नडाइक यांच्या मांजरांपासून नव्हे. तथापि, मूल ज्या ठिकाणी आधीच काही जाणते तेथूनच आरंभ करावा, या एका गोष्टीपाशी दोन्ही वाटा येऊन मिळतात.

थॉर्नडाइक यांच्याविषयी एक गोष्ट लपवून ठेवणे बरे नाही. माणसाची बुद्धी बहुतांशी जन्मजात असते, काही वंश व वर्ग मुळातच उणे असतात, अशी त्यांची मते होती आणि ती त्यांनी लिहून ठेविली आहेत. त्याच कारणास्तव २०२० साली त्यांच्या महाविद्यालयाने एका इमारतीस दिलेले त्यांचे नाव काढून टाकले. ज्याने शिकणे हे परिस्थितीशी किती जखडलेले असते ते दाखविले, त्यानेच परीक्षेतील गुणांवरून माणसांच्या जन्माची किंमत ठरवावी, हा विरोध आम्हास फार बोचतो. एका पेटीत मांजर चुकले म्हणून ते सर्व पेट्यांत चुकेल, असे त्यांच्या आकड्यांनी तरी कोठे म्हटले होते?

आता वर्गात आम्ही काय केले ते सांगून हा लेख पुरा करतो. सुट्टी संपल्यावर आम्ही त्या मुलास वेगळे बोलावून, परीक्षेच्या दिवशी जे बोललो त्याबद्दल वाईट वाटते असे सांगितले. त्याने “चालते, सर” एवढेच उत्तर दिले. मग त्याच्याच घरून जुना तराजू व वजने मागवून घेतली आणि वर्गात मांडली. फळ्याच्या एका बाजूस पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन असे लिहिले व समोर .२५, .५०, .७५, १.२५, १.५०, १.७५ असे. गोट्यांची संत्री झाली. पहिल्या बाकावरील एक विद्यार्थी, ज्यास गणितात नेहमी नव्वदाच्या वर गुण असतात, तो गिऱ्हाईक झाला आणि परत किती मिळावे हे सांगावयास त्यास वही काढावी लागली. या वेळी वर्ग पुन्हा हसला, पण ते हसणे वेगळे होते. पुढे तो विद्यार्थी आणि कळमन्याचा आमचा विद्यार्थी शनिवारी अर्धा तास शेजारी बसू लागले.

चमत्कार घडला नाही. मांजराच्या आकड्यांप्रमाणेच येथेही तिसाच्या मागोमाग नव्वद आले. एका आठवड्यात चारही उदाहरणे बरोबर, पुढच्या आठवड्यात एकही नाही. दशांशचिन्ह अजून त्याच्या हातून मधूनमधून निसटते. परंतु गेल्या महिन्यातील चाचणीत २.७५ × ४० या उदाहरणाखाली त्याने प्रथम ११०० लिहिलेले दिसते, मग त्यावर आडवी रेघ मारलेली आहे, आणि बाजूस बारीक अक्षरात लिहिले आहे, ‘पावणेतीन किलोचे इतके कोण देईल?’ त्याखाली ११०.

ती उत्तरपत्रिका आम्ही त्याच्या आईस दाखवावयास कळमन्यास नेली होती. मृग बहाराची संत्री आली होती आणि गाडीपाशी गर्दी होती. तिने कागद उलटसुलट करून पाहिला, आणि गिऱ्हाईक थांबले आहे म्हणून घडी घालून कनवटीस लावला.